केबिनमधून : लिफ्ट किती वेळा खाली येते?

गेल्या महिन्यात मी या सदरात एक वाक्य सहज लिहून गेलो. नातीनं कुठल्याशा जुन्या बाजारातून आणलेल्या डीव्हीडीवर 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' हा १९६१ चा सिनेमा परत बघितला आणि त्याच डीव्हीडीवर तो सिनेमा कसा झाला हे सांगणारा 'मेमरीज ऑफ नॅव्हरोन' नावाचा अर्ध्या तासाचा माहितीपटही होता, एवढंच. त्यावर अकरा पत्रं आली. माझ्यासारख्या निवृत्त प्रोजेक्टर ऑपरेटरला अकरा पत्रं म्हणजे दसऱ्याचं सोनंच. म्हणून यावेळी दुसरं काही नाही, फक्त नॅव्हरोन.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साल १९४३. ग्रीसजवळच्या समुद्रात एका बेटावर दोन हजार इंग्रज सैनिक अडकलेत. त्यांना आणायला बोटी जायच्या तर वाटेत नॅव्हरोन बेट. तिथं कड्याच्या पोटातल्या गुहेत जर्मनांच्या दोन अजस्र तोफा. विमानांनी त्या फुटत नाहीत. मग मूठभर माणसं रात्री वादळात कडा चढून जातात आणि आतून त्या उडवायच्या बेतात असतात. बाकी पत्रांतून येईलच.

काका, त्या तोफा खऱ्या होत्या का? माहितीपट बघितलात म्हणजे तुम्हाला कळलं असेल. माझी आणि मित्राची पैज लागलीय, मिसळीची.
(कॉलेजकुमार, शाहूपुरी)

तू 'खऱ्या' म्हणत असशील तर मिसळ तुझ्याकडून. तोफा, गुहा, दारूगोळा वर आणणारी ती लिफ्ट, सगळा सेट होता, इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत उभा केलेला. बाहेरचं चित्रण ग्रीसच्या रोड्स बेटावर आणि आतलं बरंचसं शेपर्टनला. गुहेचा सेट एवढा थोरला होता की तो स्टुडिओच्या छपराखाली मावला नाही, उघड्यावर बांधावा लागला. आणि उघड्यावर म्हटल्यावर इंग्लंडचा पाऊस काय सोडतोय? सेट कोसळला. परत बांधला.

माझं मन तिथंच अडकलं. 'परत बांधला' हे दोन शब्दांत होतं, पण आपण कोल्हापूरची माणसं, आपल्याला त्या दोन शब्दांचं वजन ठाऊक पाहिजे. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. 'मीठ भाकर' तयार होत आलेला, तोही त्यात गेला. भालजींनी तो पहिल्यापासून परत काढला. आम्ही केबिनमध्ये शिकायला लागलो तेव्हा मंगळवार पेठेतली काही म्हातारी माणसं अजून होती, ज्यांनी दोन्ही वेळा फळ्या ठोकल्या होत्या. त्यातल्या एका सुतारकाकांना मी विचारलं होतं, दुसऱ्यांदा करताना कसं वाटलं? म्हणाले, "पहिल्यांदा दार डावीकडं होतं, ते दुसऱ्यांदा बी डावीकडंच लावायचं, एवढंच ध्यानात ठेवलं बघ." आता ते काका नाहीत. कुणी त्यांच्यासमोर कॅमेरा लावला नाही. शेपर्टनच्या सुतारांसमोरही कुणी लावला नाही म्हणा. माहितीपटात बोलतात ते नट आणि दिग्दर्शक.

या सिनेमाला ऑस्करची सात नामांकनं होती, मिळालं एकच, स्पेशल इफेक्ट्सचं. ते बिल वॉरिंग्टन आणि ख्रिस ग्रीनहॅम या दोघांना विभागून. ग्रीनहॅमचा वाटा आवाजाचा. म्हणजे तुझी निम्मी तोफ प्लास्टर-लाकडाची नव्हे, आवाजाची होती. आमच्या थिएटरात तो आवाज झाला की बाल्कनीखालच्या पत्र्यातून धूळ गळायची. अँप्लिफायर जुना, स्पीकर त्याहून जुना, तरी गळायची. डोअरकीपर पुढच्या दोन रांगांतल्या लोकांना आधीच सांगायचा, डोकं झाका.

मिसळ झणझणीतच घ्या. हरलास म्हणून कट कमी घालायला सांगू नकोस.

मी गूगलवर नॅव्हरोन शोधलं, सापडत नाही. नकाशात कुठं आहे?
(गृहिणी, इचलकरंजी)

ताई, कुठंच नाही. अलिस्टर मॅक्लीन या स्कॉटिश लेखकाची १९५७ ची कादंबरी, बेट त्यानं मनानं रचलं. सैनिक अडकलेलं खेरोस बेटही तसंच.

पण हवेतूनही नाही आणलं. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करली. त्या समुद्रातली डोडेकनीज बेटं तोवर इटलीकडं. ती आता आपल्याकडं येतील म्हणून इंग्रजांनी घाईघाईनं कॉस, लेरोस अशा बेटांवर फौजा उतरवल्या. विमानांचं छत्र मात्र पुरेसं नव्हतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जर्मनांनी कॉस घेतलं, नोव्हेंबरच्या मध्यात पाच दिवसांच्या लढाईत लेरोस घेतलं, आणि हजारो इंग्रज आणि इटालियन सैनिक कैद झाले. म्हणजे खऱ्या इतिहासात कुणी तोफा उडवल्या नाहीत आणि सुटले ते थोडेच. मॅक्लीन स्वतः युद्धात इंग्रजी आरमारात होता, त्या समुद्रातही होता. जी लढाई हरली तिच्या शेजारी त्यानं एक जिंकलेली लढाई रचली. गोष्टीवेल्हाळ माणसं असंच करतात. आपल्याकडंही पानपताच्या गोष्टी सांगताना म्हातारी माणसं 'जर-तर' घालायचीच की.

रोड्सला गेलात तर मात्र एक खाडी दाखवतात. सिनेमात ग्रीक कर्नलचं काम करणारा अँथनी क्विन त्या जागेवर इतका भाळला की त्यानं तिथं जमीनच घेतली. आजही तिला अँथनी क्विनची खाडी म्हणतात. खऱ्या लढायांच्या बेटांपेक्षा पर्यटक तिकडं जास्त जात असतील, पैज लावतो. (मिसळीचीच.)

जादूगारानं रुमालातून कबुतर कसं काढलं हे कळलं की मजा गेली. हे 'मेकिंग' कशाला बघायचं? आमच्या काळी असलं काही नव्हतं आणि सिनेमे चांगले होते.
(निवृत्त शिक्षक, राजारामपुरी)

मास्तर, नमस्कार. तुमच्या काळी असलं काही नव्हतं हे तेवढं खरं नाही. याच डीव्हीडीवर सिनेमा आला तेव्हाचे छोटे प्रसिद्धीपट आहेत. एक तर नव्यानं लग्न झालेल्या जेम्स डॅरेनचा रोड्सवरचा हनिमून दाखवणारा! म्हणजे विकायला पडद्यामागचं दाखवायची युक्ती तेव्हाही होतीच. फरक एवढाच की त्यात सगळे छान इस्त्रीचे कपडे घालून हसतात आणि नंतरच्या माहितीपटात तीच माणसं म्हातारी होऊन हसतात.

मजा जाते का? माझं आयुष्य रुमालाच्या आतल्या बाजूला गेलं. १९७४ ला सतराव्या वर्षी हेल्पर म्हणून लागलो, रीळ उलटं गुंडाळायला. पडदा मला केबिनच्या बोटभर जाड काचेतून दिसायचा. हा सिनेमा १५८ मिनिटांचा. पस्तीस मिलीमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते, म्हणजे चौदा हजार दोनशे फुटांच्या वर. दोन हजार फुटांची आठ रिळं. दर वीस-बावीस मिनिटांनी वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनच्या दिव्याचा कार्बन पेटवून तयार राहायचं, दुसरा ठिपका आला की बदलायचं. लोक डेव्हिड निव्हन या नटाला बघायचे, मी ठिपक्याला. तरी सांगतो मास्तर, ती लिफ्ट खाली यायला लागली की माझाही श्वास अडकायचा, आणि ती कुठल्या रिळात आहे, अजून किती फूट राहिलीत, सगळं माहीत असताना.

ती लिफ्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. तोफेचे गोळे खालच्या कोठारातून वर आणायची लिफ्ट आहे. डेव्हिड निव्हन हा स्फोटकांचा जाणकार. तोफेजवळ ठेवलेली स्फोटकं जर्मनांना सापडणार हे त्याला पक्कं माहीत. म्हणून तो खरा सापळा लिफ्टच्या विहिरीत, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लावतो. लिफ्ट पूर्ण खाली आली की तारा जुळणार आणि उडणार. ती खाली येते, तारांच्या जरा वर थांबते, गोळा घेऊन वर जाते. परत येते, परत थांबते. समुद्रात बोटी पुढं पुढं येतायत. तोफा डागायला लागल्या तरी लिफ्ट काही तळाला टेकत नाही. सापळा कसा लावला हे आपल्याला आधीच दाखवून ठेवलंय, म्हणून तर जीव टांगणीला लागतो. काही दाखवलंच नसतं तर नुसता एक स्फोट झाला असता.

तुमच्या कबुतराचंही तसंच असणार. रुमालाच्या कुठल्या बाजूला बघायचं ते कळलं की जास्त मजा.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. या मोहिमेत मराठे होते का?
(कसबा बावडा)

नॅव्हरोन काल्पनिक, त्यामुळं तिथं कुणीच नव्हतं, मराठे नाहीत आणि इंग्रजही नाहीत. इटलीत मात्र होते, आणि कसे होते! नाईक यशवंत घाडगे, जुलै १९४४, टायबर नदीच्या खोऱ्यात. शिपाई नामदेव जाधव, एप्रिल १९४५, सेनिओ नदीवर. दोघंही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. घाडगे यांना मरणोत्तर. आजोबांची काही पत्रं, बिल्ले, फोटो असतील तर घरातल्या पोरांना फोनवर शूटिंग करून ठेवायला सांगा, आणि मागून आवाजात कुणीतरी हे काय आहे ते सांगा. नुसत्या बिल्ल्याचा फोटो काढून चाळीस वर्षांनी कुणाला काही कळत नाही.

युद्ध कोल्हापूरला आलंच नाही असं म्हणणाऱ्यांना मी कोल्हापूरजवळचं वळिवडे दाखवतो. १९४३ ते १९४८ या काळात तिथं जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि पोरं. आज तिथल्या गांधीनगरात तुम्ही लग्नाचा कापड-बस्ता बांधायला जाता.

माहितीपटात हे लोक चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी सांगतात. त्या खऱ्या कशावरून? मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे.
(जयसिंगपूर)

बाळ, अकरा पत्रांत हा एकच प्रश्न मला झोपू देईना.

आधी कोण बोलतंय ते बघ. ग्रेगरी पेक, अँथनी क्विन, जेम्स डॅरेन आणि दिग्दर्शक जे. ली थॉम्प्सन. आता कोण बोलत नाही ते मोज. डेव्हिड निव्हन १९८३ मध्ये गेला. पटकथा लिहिणारा आणि निर्माता कार्ल फोरमन १९८४ मध्ये. स्टॅन्ली बेकर १९७६ मध्ये. सिनेमातली फितूर पोरगी जिया स्काला १९७२ मध्ये, चाळिशीसुद्धा न गाठता. अँथनी क्वेल १९८९ मध्ये.

यातला क्वेल लक्षात ठेव. सिनेमात पाय मोडून स्ट्रेचरवर पडतो तो मेजर. हा नट युद्धात खरोखर शत्रूच्या मुलखात उतरून काम करत होता, अल्बानियात, इंग्रजांच्या गुप्त पथकातून. म्हणजे या सगळ्या चमूत पडद्यावरचं काम प्रत्यक्षात केलेला जर कुणी असेल तर तो. आणि 'हे असं नसतं हो' असं माहितीपटात म्हणायला तोच नाही. निव्हनही युद्धात सैन्यात अधिकारी होता, पण लढाईबद्दल तो फारसा बोलायचाच नाही. विनोदी किस्से मात्र शंभर सांगायचा. म्हणजे बोलणारे होते त्यांनी सिनेमाचं सांगितलं, आणि ज्यांना युद्धाचं सांगता आलं असतं ते एकतर गेले किंवा आधीपासूनच गप्प.

गंमत बघ, जे दुखलं नाही ते किस्से म्हणून टिकतं आणि जे फार दुखलं ते कागदावरच सापडतं. थॉम्प्सन हा आयत्या वेळी आलेला दिग्दर्शक. आधीचा दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक याला चित्रण सुरू व्हायच्या सुमारे आठवडाभर आधी काढलं. एवढा साठ लाख डॉलरच्या घरातला सिनेमा, त्या काळी अफाट पैसा, आणि कप्तान आठ दिवसांपूर्वी बदलला! मॅकेंड्रिक १९९३ मध्ये गेला. त्याची बाजू त्या अर्ध्या तासात कुठून येणार? हे वाचून कळतं, बघून नाही. आणि फोरमन! अमेरिकेत त्याला कम्युनिस्ट ठरवून काळ्या यादीत टाकलं होतं, म्हणून तो इंग्लंडला आला. त्याआधीच्या एका गाजलेल्या युद्धपटाची, 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'ची पटकथा त्यानं दुसऱ्या एका काळ्या यादीतल्या लेखकाबरोबर लिहिली आणि नाव लागलं भलत्याचंच, मूळ फ्रेंच कादंबरीकाराचं. ऑस्करही त्यालाच गेलं. फोरमनला ते मिळालं मेल्यानंतर. फितुरी, संशय, कोण आपला आणि कोण त्यांचा, हे नॅव्हरोनमध्ये एवढं का ठासून भरलंय हे तिथं जाऊन शोध.

याच्या उलट, जे किस्से टिकतात ते कसे असतात? क्विननं बुद्धिबळाचे पट आणले आणि रोड्सवर सगळे नट दोन शॉटच्या मध्ये बुद्धिबळ खेळत बसायचे. असले किस्से सांगताना कुणाला काही लपवावं लागत नाही. खरे असतात, हलके असतात, तोंडात घोळून घोळून गुळगुळीत झालेले असतात. खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांचा कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, तिथं उभं राहून कुणालाही विचार. बाबूरावांनी भारतात पहिला देशी कॅमेरा बनवला हे प्रत्येक जण सांगेल. पण तो कॅमेरा लागायच्या आधीच, १९१६ मध्ये, त्यांचा नात्यातला भाऊ आनंदराव गेला. कॅमेऱ्याचा ध्यास दोघांचा होता, हे किती जण सांगतात बघ. राहिलेल्याचं नाव राहतं.

मग किस्से खोटे का? नाही. पण तपासायला हवेत. आणि आता माझीच गोष्ट ऐक, म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण किती भरवशाची ते कळेल. मी चाळीस वर्षं सांगत आलोय की नॅव्हरोनमध्ये लिफ्ट इतक्या वेळा खाली येते. आकडा आत्ता सांगत नाही, लाज वाटते. नातीनं डीव्हीडी लावून मोजलं. एक खेप जास्त निघाली. मी तिच्याशी भांडलो! म्हटलं, मी हा सिनेमा सात दिवस रोज चालवलाय, तू मला शिकवतेस? तिनं परत लावलं. जास्तच निघाली.

दोन दिवस डोकं लावलं. आमच्याकडं आलेली प्रिंट जुनी, दहा गावं फिरून आलेली. प्रत्येक गावात फिल्म तुटते, ऑपरेटर तुटलेलं टोक कापून फिल्म चिकटवायच्या सिमेंटनं जोडतो, दर जोडाला दोन-चार फ्रेम जातात. कधी फूट-दोन फूट जातात. ती खेप प्रिंटमधूनच गेली होती. माझी आठवण खोटी नव्हती, माझा सिनेमाच तोकडा होता. म्हणजे मुलाखत घेताना नुसतं 'तुम्हाला काय आठवतं' विचारू नकोस. 'तुम्ही कुठल्या प्रिंटवर पाहिलं' तेही विचार.

नट फार वयस्कर वाटतात. कडा चढतील असे दिसत नाहीत.
(गिर्यारोहक, पन्हाळा)

वाटतात नव्हे, होतेच. १९६० साली चित्रण झालं तेव्हा पेक ४४, क्विन ४५, निव्हन ५०. इंग्लंडच्या पत्रकारांनी तेव्हाच टिंगल केली होती. तुम्हाला रुचेल अशी एक बाब आहे : कड्याची चढाई बरीचशी स्टुडिओत झाली. पण पाणी खरं होतं. वादळात बोट फुटते त्या दृश्यात टाकीत नटांवर टनावारी पाणी सोडलं. आणि लिफ्टच्या विहिरीतल्या पाण्यात निव्हनच्या ओठाला जखम झाली, ती चिघळली, रक्तात विष पसरलं आणि गडी मरता मरता वाचला. सिनेमा जवळजवळ पुरा झालेला आणि नेमकी त्याची शेवटची दृश्यं राहिलेली. तो डॉक्टरांचं न ऐकता येऊन ती करून गेला आणि परत कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला. त्या विहिरीत तो थकलेला, भिजलेला दिसतो तेव्हा अभिनय किती आणि खरं किती ते आता तुम्हीच ठरवा. पन्हाळ्याच्या उतारावर पन्नाशीतला माणूस धापा टाकत नाही का? तसेच ते धापा टाकतात. मला तर ते आवडतं. पंचविशीतले चढले असते तर मी कशाला घाबरलो असतो?

काका, फितूर कोण ते तुम्ही गेल्या अंकातच सांगून टाकलंत. माझ्या नवऱ्यानं पाहिला नव्हता. आता तो बघणार नाही म्हणतोय.
(रुईकर कॉलनी)

चुकलं. कान पकडतो. या अंकातही वर सांगून बसलोय, संपादकांनी काढलं नसेल तर. तुमच्या यजमानांना एवढंच सांगा की मूळ कादंबरीत फितूर बाई नाहीच, तिथं पुरुष आहे. आयरीन पापासची मारिया आणि ही पोरगी, दोघीही सिनेमासाठी पुरुषांच्या जागी आणलेल्या. तेव्हा पुस्तक वाचायला घेतलं तर त्यांना अजून कळलेलं नाही, असं धरून चालायला हरकत नाही.

तुम्ही एवढे सिनेमे चालवलेत. एखादी आठवण जपून ठेवलीय का?
(उत्तरेश्वर पेठ)

हे पत्र सगळ्यात शेवटी उघडलं. पहिल्यांदा उघडलं असतं तर जयसिंगपूरच्या पोरीला वर दिलेलं उत्तर जरा वेगळं लिहिलं असतं. छापायला दिलंय, आता बदलत नाही.

माझ्याकडं पावडरचा एक जुना डबा आहे. त्यात फिल्मचे तुकडे आहेत. हेल्पर पोरं हे करायचीच, खोटं कशाला बोलू? रीळ उलटं गुंडाळताना आवडता नट दिसला की कात्रीनं बारा-पंधरा फ्रेम उडवायच्या, टोकं खरवडायची, सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. बारा फ्रेम म्हणजे नऊ इंच, पडद्यावर अर्धा सेकंद. कुणाला कळत नाही. वस्तादांना कळायचं. ते मशीनच्या खडखडाटावरून जोड ओळखायचे.

पत्र वाचून डबा काढला. दहा-बारा तुकडे आहेत, बहुतेक हिंदी. एका तुकड्यावर स्केचपेननं 'निव्हन' लिहिलंय. अक्षर माझंच, सतरा-अठराव्या वर्षातलं, वेलांटी उलटी. खिडकीत धरून बघितला. सिनेमास्कोपची फिल्म म्हणजे चित्र दोन्ही बाजूंनी चेपलेलं असतं, समोर स्कोपची काच लावल्याशिवाय सरळ होत नाही. त्यामुळं निव्हन शेवग्याच्या शेंगेसारखा लांबट दिसतो. कमरेएवढ्या पाण्यात. विहिरीत. वर अंधारात लिफ्टचं बूड.

आणि मग सगळं आठवलं. सोमवारचा पहिला शो. माझं लक्ष मशीनकडं, पडद्याकडं कुठलं. त्या रात्री हा तुकडा कापला. जोड कच्चा झाला, सिमेंट वाळायच्या आत मी रीळ डब्यात घातलं. मंगळवारी तिथंच फिल्म तुटून मशीनच्या गेटमध्ये अडकली, कार्बनच्या आचेनं पडद्यावर बुडबुडे आले, पिटातनं शिट्ट्या. वस्तादांनी जळकं-फाटकं कापून काढलं. बारा-एक फूट असेल, आठ सेकंद. पुढचे पाच दिवस कोल्हापूरला लिफ्ट एक खेप कमी आली. त्यापुढं ती प्रिंट कुठल्या गावाला गेली कुणास ठाऊक, तिथंही कमीच आली असणार. वस्तादांनी मला काही विचारलं नाही. आठवडाभर चहा मात्र माझ्याकडून आणवला, माझ्याच पैशानं.

रंग उडालाय. त्या काळच्या ईस्टमनकलरचं तसंच होतं, निळा-हिरवा आधी जातो आणि तांबूस तेवढा उरतो. निव्हन गुलाबी, भिंत गुलाबी, पाणी गुलाबी. नातीला दाखवला. तिनं फोनच्या उजेडावर धरून बारा फ्रेम मोजल्या. मग म्हणाली, तेरा आहेत.